आजोबांचा फोटो आणि सतरा बाइट

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी. शिवाय मराठी विभागात एबीसीडी छापायची नाही असा आपल्या संपादकांचा दंडक! त्यामुळे खालच्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजीतच टाइप करायच्या, हे इंजिनिअरांना वेगळं सांगायला नको.

आमचं घर नृसिंहवाडीला. म्हणजे आपली नरसोबाची वाडी, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची. बासुंदी आणि कवठाची बर्फी खायला तुमच्यातले निम्मे तरी येऊन गेले असतील. वाडीकरांना पाण्याची सवय असते. नदीचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की त्याला दक्षिणद्वार म्हणतात, आणि लोक मुद्दाम स्नानाला येतात. पण ऑगस्ट २०१९ चं पाणी सवयीतलं नव्हतं. आमच्या माजघरात ते पुरुषभर चढलं. ओसरल्यावर भिंतीवरची एक फ्रेम उतरवली, त्यात आजी-आजोबांचा घाटावरचा फोटो होता. आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले. दोघांचा एकत्र असा हा एकच रंगीत फोटो, आणि तो भिजून काचेला चिकटलेला.

पुढं कितीतरी वर्षं तो तसाच कपाटात होता. गेल्या दिवाळीत मी म्हटलं, "आजी, दे माझ्याकडे, हॉस्टेलवर नेऊन नीट करून आणते." काचेसकट स्कॅन केला. कडा कापायला पायथनमध्ये माझीच एक स्क्रिप्ट लिहिली. तिनं स्कॅनची टिफ फाइल ओपन-सीव्हीनं उघडली, कडा आपोआप शोधून कापल्या, उरलेले पिक्सेल "टू-फाइल" या फंक्शननं डिस्कवर लिहिले, आणि काम झालं म्हणून मूळ टिफ पुसून टाकली. मोठ्या हुशारीनं! मग मी काचेवरून फोटो सोडवायला गेले. कागद निघाला, चेहरे काचेवरच राहिले.

आता जगात त्या फोटोची एकच गोष्ट उरली होती, "फोटो डॉट रॉ". डबल क्लिक केलं, उघडेना. लिनक्सवर "फाइल" नावाची कमांड आहे, ती कुठल्याही फाइलची जात ओळखते. तिनं एका शब्दात उत्तर दिलं, "डेटा". म्हणजे आहे काहीतरी, पण काय ते माहीत नाही. त्या रात्री मी मेसमध्ये जेवायला गेले नाही.

इथं जरा थिअरी. रंगीत चित्रातला प्रत्येक पिक्सेल म्हणजे ० ते २५५ मधले तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. प्रत्येकाला एक बाइट. पण नुसते आकडे म्हणजे चित्र नव्हे. आपल्या हजेरीपटातल्या सगळ्या हजर-गैरहजरच्या खुणा कापून एका लांब पट्टीवर चिकटवल्या, तर महिना किती दिवसांचा हे कळल्याशिवाय कुणाची हजेरी किती, सांगता येईल का? चित्राचंही तसंच. एका ओळीत किती पिक्सेल आणि ओळी किती, हे फाइलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं, त्याला हेडर म्हणतात. पीएनजी, टिफ, जेपेग सगळ्यांना ते असतं. "टू-फाइल" मात्र हेडर लिहीत नाही. नुसते आकडे ओतून मोकळं होतं.

मग हाताशी काय होतं? फाइलची लांबी. "एलएस डॅश एल" नं सांगितलं, २,४१,१६,५०८ बाइट. तीननं भागलं की ८०,३८,८३६ पिक्सेल. लांबी गुणिले रुंदी एवढी भरायला हवी. आता आठवीचं गणित! लिनक्सवर "फॅक्टर" ही कमांड आकड्याचे मूळ अवयव पाडून देते. उत्तर आलं: २, २, ३, ३, १३, ८९, १९३. यांच्यातून एकूण ७२ विभाजक निघतात, पण सगळे तपासायची गरज नाही. फोटो चार बाय सहा इंच, उभा, ६०० डीपीआयला स्कॅन केलेला, म्हणजे रुंदी २४०० च्या आतली. कडा थोड्याशाच कापलेल्या, म्हणजे २२०० च्या खाली नाही. या पट्ट्यात दोनच विभाजक बसले: २३१४ आणि २३१६.

आता हेडर कुठून आणायचं? सगळ्यात साधा फॉरमॅट पीपीएम. त्याचा काळा-पांढरा भाऊ पीबीएम जेफ पॉस्कॅन्झर यांनी १९८० च्या दशकात काढला, तेव्हाच्या ईमेलमधून चित्र साध्या अक्षरांत पाठवता यावं म्हणून. पीपीएमचं हेडर तीन ओळींचं. पहिलीत "पी६", दुसरीत रुंदी आणि उंची, तिसरीत सगळ्यात मोठा आकडा २५५. ओळीच्या शेवटाची खूण धरून मोजलं तर फक्त १७ बाइट. ते "प्रिंटएफ" नं एका छोट्या फाइलमध्ये लिहिले, आणि "कॅट" नं पुढं हेडर, मागं रॉ असं जोडून तिसरी फाइल केली. (रॉ फाइलची कॉपी आधी पेनड्राइव्हवर ठेवली. एकदा पोळल्यावर ताकही फुंकून प्यावं.)

आधी २३१४ घेतलं. चित्र उघडलं! पण कसं? घाटाच्या पायऱ्या आडव्या, अगदी बरोबर, आणि माणसं मात्र उजवीकडं आडवी होत गेलेली. कारण सोपं आहे. खरी ओळ २३१६ ची, आपण २३१४ लाच मोडली, म्हणून दर ओळीला चित्र दोन पिक्सेल उजवीकडं सरकतं. आडव्या रेघेला ते जाणवत नाही, उभ्याला लगेच जाणवतं. आजीला व्हॉट्सॲपवर पाठवलं तर ती म्हणते, "अगं, हे काय? आजोबांना चक्कर आली होय?" मला रडू आणि हसू एकदमच आलं.

मग २३१६ बाय ३४७१. सगळं सरळ उभं राहिलं, पण चेहरे निळे आणि देवळावरचा भगवा आकाशी! औदुंबराची पानं तेवढी हिरवीच. यावरूनच उलगडा झाला. हिरवा आकडा मधला, तो जागेवर आहे, पहिला आणि तिसरा मात्र अदलाबदल झालेत. ओपन-सीव्ही रंग लाल-हिरवा-निळा असे न ठेवता निळा-हिरवा-लाल असे ठेवतं. हे लेक्चरला सांगितलं होतं म्हणे, मी तेव्हा बहुतेक झोपले होते.

इथून पुढं इमेजमॅजिक. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँ कंपनीत असताना सुरू केलेलं आणि १९९० ला सगळ्यांसाठी खुलं केलेलं हे सॉफ्टवेअर अजून फुकट मिळतं. कमांड अशी: "मॅजिक", मग "डॅश साइज २३१६ एक्स ३४७१", "डॅश डेप्थ ८", मग "बीजीआर कोलन फोटो डॉट रॉ", शेवटी "फोटो डॉट पीएनजी". साइज आणि डेप्थ फाइलच्या नावाच्या आधीच हवेत, कारण वाचतानाच ते लागतात. जुन्या आवृत्तीत "मॅजिक" ऐवजी "कन्व्हर्ट" लिहायचे. विंडोजवाल्यांनी मात्र ते टाळावं, तिथं "कन्व्हर्ट" ही डिस्कचं फॅट स्वरूप एनटीएफएस करणारी भलतीच कमांड आहे.

जेपेग का नाही केलं, असं रूममेटनं विचारलं. १९९२ पासूनचं हे जेपेग चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे पाडून डोळ्याला न जाणवणारे तपशील टाकून देतं. पाठवायला ठीक. पण उघडून, बदलून पुन्हा साठवलं की पुन्हा काहीतरी जातं. माझ्याकडं आधीच पुष्कळ गेलं होतं. १९९६ चं पीएनजी दाबतं, पण टाकत काही नाही. विश्वास नव्हताच, म्हणून पडताळलं. पीएनजीवरून उलट "बीजीआर" रॉ फाइल बनवली आणि "सीएमपी" या कमांडनं जुनीशी बाइटला बाइट ताडली. ती काहीच बोलली नाही. दोन्ही फाइल सारख्या असतील तर सीएमपी गप्प बसते. जेपेगवरून तसंच केलं, तर पहिल्या काही बाइटांतच फरक आहे म्हणून ओरडली.

पीएनजी घेऊन शनिवारी वाडीला गेले. आजीनं चष्मा पुसून लॅपटॉप जवळ ओढला. "लुगडं लाल नव्हतं गं माझं, डाळिंबी होतं," म्हणाली. मी रंग थोडा बदलून दाखवला. मान हलवली. "राहू दे. हे बरंय."

प्रिंट जयसिंगपूरहून करून आणली. माजघराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते. बाबांनी तिच्यावर हातभर अंतर सोडून खिळा मारला.