सासूबाईंना जमलं, म्हणून सुधीररावांनाही?

अगं सुमे, सासूबाईंना मांडीतल्या रक्तवाहिनीतून हृदयाची झडप बसवली, तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. आता सुधीररावांनीही ‘मला तेच हवं’ म्हणून धोशा लावलाय ना? छाती न उघडता काम होत असेल तर कुणाला नकोय! पण त्या ८१ वर्षांच्या, हे ६१ चे. सगळी मेख तिथेच आहे.

छाती न उघडता झडप बसवायची ही पद्धत, म्हणजे टावी, निघालीच मुळी थकल्याभागल्यांसाठी. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. आलाँ क्रिबिए यांनी पहिली झडप अशी बसवली, तीही ऑपरेशन झेपणारच नाही अशा रुग्णाला. २०१० मधल्या ‘पार्टनर’ अभ्यासात अशाच रुग्णांचं सरासरी वय ८३ होतं. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी निम्मे वर्षभरात गेले. टावी केलेल्यांत ते प्रमाण तीस टक्क्यांवर आलं. मग डॉक्टरांचा हात धीट झाला. २०१९ पर्यंत बऱ्यापैकी धडधाकट, सत्तरी ओलांडलेल्यांवरच्या अभ्यासांतही निकाल चांगले आले आणि अमेरिकेत त्यांच्यासाठीही परवानगी मिळाली. आता साठीतली माणसंसुद्धा टावीच मागतात.

पण २०१९ च्या त्या अभ्यासांत दोन पाकळ्यांच्या झडपेचे रुग्ण घेतलेलेच नव्हते. आणि सुधीररावांची झडप जन्मापासून दोन पाकळ्यांचीच आहे. अशा झडपेत कॅल्शियम वेडंवाकडं साचतं, नवी झडप नीट गोल बसत नाही, कडेनं रक्त गळू शकतं. वरची महाधमनी फुगली असेल तर ती टावीनं दुरुस्त होत नाही, त्याला ऑपरेशनच लागतं.

शिवाय टावीची झडप गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींची. (सासूबाईंच्या देवघरापाशी हा विषय काढू नकोस हो.) साधारण दहा-पंधरा वर्षांत ती झिजते. सासूबाईंना तेवढी पुष्कळ झाली. सुधीरराव तेव्हा पंचाहत्तरीच्या आत-बाहेर असतील. मग जुन्या झडपेत नवी बसवायची, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडं दबायची भीती. जुनी काढायची, तर ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. म्हणूनच अमेरिकेतले हृदयतज्ज्ञ ६५ च्या आत ऑपरेशनकडे झुकतात, ८० च्या पुढे टावीकडे; मधल्यांनी डॉक्टरांशी बसून ठरवायचं. ऑपरेशनमध्ये धातूची झडपही घालता येते. ती टिकते खूप, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि तपासण्यांचा ससेमिरा.

माझं विचारशील तर मी ऑपरेशनच्या बाजूची. पण माझ्या मतावर जाऊ नकोस. सीटी स्कॅनची सीडी घे आणि टावी करणारे डॉक्टर व हृदयशल्यचिकित्सक, दोघांनाही दाखव. दोघांना एकच विचार: ‘ही झिजली की पुढची कशी बसवणार?’

आणि चालढकल नको. जिना चढताना त्यांना धाप लागायला लागलीय म्हणालीस ना? मग याच आठवड्यात वेळ घे.