माउसचे चाक का अडते? : दोषशोधनाचा एक पाठ



ज्या शाळेत संगणक आहे, त्या शाळेत केव्हा ना केव्हा एक तक्रार ऐकू येतेच : "माउसचे चाक बिघडले." चाक फिरविले तरी पान हलत नाही, किंवा पान हलण्याऐवजी अक्षरेच लहानमोठी होऊ लागतात. अशा वेळी माउस बाजूला ठेवून नवा मागविण्याकडे मनाचा कल होतो. परंतु पुष्कळदा माउस निर्दोष असतो. दोष आज्ञावलीतील एखाद्या योजनेत अथवा कळफलकावरील अडकलेल्या कळीत असतो. तो शोधून काढण्याची रीत शिक्षकांस ठाऊक असावी व वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांसही ती शिकविता यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

चाकाची रचना

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ साली माउसचा पहिला नमुना तयार केला. त्याच्या पोटाखाली परस्परांशी काटकोन करणारी दोन चाके होती. परंतु ती माउसची हालचाल मोजण्यासाठी होती. पान सरकविणारे चाक बोटाखाली आले ते पुष्कळ नंतर. मायक्रोसॉफ्टच्या १९९६ सालच्या 'इंटेलिमाउस'मुळे ते सर्वत्र रूढ झाले.

चाक फिरले की त्याच्या आसाशी बसविलेल्या भागातून दोन विद्युत्‌संकेत निघतात. ते एकाच क्षणी न निघता किंचित मागेपुढे निघतात. त्यांपैकी कोणता आधी आला, यावरून चाक पुढे फिरले की मागे हे ओळखले जाते. विंडोज प्रणालीत चाकाच्या एका खाचेची किंमत १२० एकके मानलेली आहे, आणि मूळ योजनेप्रमाणे एका खाचेस तीन ओळी सरकतात.

म्हणजे संकेताच्या वाटेवर तीन ठाणी आहेत : पहिले माउस, दुसरे संगणकाची प्रणाली आणि तिसरे आपण उघडलेली आज्ञावली. दोष शोधणे म्हणजे संकेत कोणत्या ठाण्यावर अडला, हे ठरविणे होय.

दोषाचे ठाणे कसे ओळखावे?

प्रथम दुसरी एखादी आज्ञावली उघडून तीत चाक फिरवून पाहावे. तेथे पान नीट सरकले, तर माउस व प्रणाली दोन्ही ठीक आहेत. दोष पहिल्या आज्ञावलीतच आहे. कोठेच सरकत नसेल, तर तोच माउस दुसऱ्या संगणकास जोडावा. तेथेही चाक चालले नाही, तर दोष माउसचा. तेथे चालले, तर पहिल्या संगणकाची जोडणीची खोबण बदलून पाहावी व नंतर प्रणालीतील माउसची योजना तपासावी.

यात एक नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही. आणि कारण कळले नाही, तर तोच दोष पुन्हा आल्यावर आपण पूर्वीइतकेच अजाण राहतो.

प्रत्येक ठाण्यावरील नेहमीचे दोष

माउस : पान खाली जात असता मध्येच वर उसळत असेल, तर चाकात धूळ अथवा झीज असण्याचा संभव असतो. माउसची तार काढून (बिनतारी असल्यास सेल काढून) चाकाच्या फटीतील धूळ हवेने उडवावी. पाणी लावू नये. बिनतारी माउसचा सेल उतरला असल्यास तो बदलावा.

प्रणाली : माउसच्या योजनेत एका खाचेस किती ओळी सरकाव्यात याचा आकडा असतो. तेथे 'एका वेळी एक पडदा' हा पर्याय निवडला गेला असेल, तर पान धावत सुटल्यासारखे वाटते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून, दर्शक-बाण ज्या खिडकीवर असेल ती सक्रिय नसतानाही सरकावी, अशी सोय आहे. ती बंद असल्यास, त्या खिडकीत आधी टिचकी मारल्यावाचून चाक काम करीत नाही.

आज्ञावली : पान सरकण्याऐवजी अक्षरे लहानमोठी होत असतील, तर कंट्रोल कळ अडकली असावी. दोन्ही कंट्रोल कळा एकेकदा दाबून सोडाव्यात. एक्सेलमध्ये कळ ठीक असूनही असे घडत असेल, तर चाकाने आकार बदलण्याचा पर्याय प्रगत योजनांत सुरू झाला आहे काय, ते पाहावे. बिघडलेला आकार एक्सेलमध्ये उजव्या कोपऱ्याखालील पट्टीने १०० टक्क्यांवर आणावा. ब्राउझरमध्ये कंट्रोल व शून्य या कळांनी आकार पूर्ववत होतो. पण एक्सेलमध्ये त्याच कळांनी निवडलेले स्तंभ लपतात, हे ध्यानी ठेवावे. तक्त्याच्या वरच्या ओळी मुळीच हलत नसतील, तर त्या कोणी मुद्दाम गोठविल्या असतील. तो दोष नव्हे.

नोंदी भरताना दक्षता

चाक न चालणे ही गैरसोय होय. परंतु चाक भलत्या ठिकाणी चालणे अधिक घातक आहे. काही आज्ञावलींत आकड्याच्या चौकटीत किंवा निवडीच्या यादीत टिचकी मारल्यानंतर चाक फिरविले, तर पान न सरकता चौकटीतील मूल्यच बदलते. समजा, उपस्थितीचा आकडा ३२ भरला आणि पुढील रकाना पाहण्यासाठी चाक तीन खाचा खाली फिरविले, तर ३२ चे २९ होतात. जन्मतारखेच्या यादीत जूनचा जुलै होतो. पडद्यावर ना सूचना, ना धोक्याचा आवाज. आणि चुकलेली नोंद तशीच जतन होते. पुढे दाखल्यावर चुकीची तारीख उमटली, की ती दुरुस्त करून घेण्यासाठी मजुरीचा दिवस बुडवून कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात त्या मुलाच्या पालकांना.

म्हणून नोंदी भरताना पान सरकविण्यासाठी चाक न वापरता उजवीकडील सरकपट्टी ओढावी, आणि नोंद जतन करण्यापूर्वी एकाने पडद्यावरून वाचावे व दुसऱ्याने हजेरीपटाशी ताडून पाहावे. या दोन सवयी लागल्या, तर मोठा अनर्थ टळेल.

वर्गातील पाठ

शिक्षकांनी आधीच एखादा दोष मुद्दाम निर्माण करून ठेवावा : ओळींचा आकडा बदलावा, अथवा तक्त्याच्या ओळी गोठवाव्यात. चार विद्यार्थ्यांच्या गटास तो शोधावयास सांगावा. वहीत चार रकाने आखून घ्यावेत : तक्रार, काय बदलले, काय घडले, निष्कर्ष. उत्तर आयते सांगण्याची घाई करू नये, "आता संकेत कोणत्या ठाण्यापर्यंत पोहोचला?" एवढेच विचारीत राहावे.

उजळणीचे प्रश्न

१. चाक एका आज्ञावलीत चालते, दुसरीत नाही. दोष कोणत्या ठाण्यावर?
२. एका वेळी एकच गोष्ट का बदलावी?
३. नोंद भरताना चाकाऐवजी सरकपट्टी का वापरावी?

या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी कारणासह देऊ लागले, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.