वणवा आणि गणित

वणव्याची वार्ता आली म्हणजे कुदळी व ओल्या फांद्या घेऊन धांवणारीं माणसें आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु वणवा पेटण्यापूर्वींच कागदावर आंकडे मांडून त्याच्याशीं झुंजतां येतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

इ. स. १९१० च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील आयडाहो व माँटॅना या प्रांतांत दोन दिवसांत सुमारें ३० लक्ष एकर अरण्य जळालें. त्या धसक्यानें तेथील वनखातें प्रत्येक आग विझविण्याच्या मागें लागलें. १९३५ सालीं तर, दिसलेली आग दुसऱ्या दिवशीं सकाळीं १० वाजण्यापूर्वीं आटोक्यांत आणावी, असा दंडकच झाला. वस्तुतः स्पॅरहॉक नांवाच्या वनशास्त्रज्ञानें १९२५ सालींच अधिक शहाणपणाचा विचार मांडला होता: बंदोबस्ताचा खर्च आणि आगीनें होणारी हानि यांची बेरीज कमींत कमी व्हावी. दंडकाचा परिणाम उलटाच झाला. लहान आगींनीं पूर्वी जळून जाणारा पालापाचोळा सांचत गेला, आणि पुढील वणवे झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढूं लागले.

हा पाला काढावा, झुडपें तोडावीं, थंड हवेंत बेतानें जाळून टाकावें. आपल्याकडे जाळरेषा काढतात तशा मोकळ्या पट्ट्या ठेवाव्या. हें खरें, पण अरण्य अफाट आणि पैसा मोजका! मग कोठें काम करावें?

समजा, हातीं १० हजार रुपये आहेत. पहिल्या जागेस ६ हजार लागतात व ३० हजारांची हानि टळते; दुसरीस ५ हजार लागून २४ हजारांची, तिसरीस ५ हजार लागून २३ हजारांची. रुपयास अधिक फळ पहिलीच देते, म्हणून कोणीहि तीच प्रथम घेईल. पण मग उरलेल्या ४ हजारांत दुसरें कांहींच होत नाहीं, आणि लाभ ३० हजारांवर थांबतो. पहिली सोडून उरलेल्या दोन घेतल्या तर तो ४७ हजार होतो! तीन जागांच्या निवडी आठच. तीस जागांच्या मात्र शंभर कोटींहून अधिक. त्या एकेक तपासणें मनुष्यास अशक्य. १९४७ सालीं डँट्झिग यानें अशा प्रश्नांच्या एका मोठ्या वर्गासाठीं पद्धति शोधली. तिच्या पायावर आज संगणक हें काम करतात.

शिवाय एका जागेचें फळ दुसरीवर अवलंबून असतें. आग वाऱ्याच्या दिशेनें धांवते. पट्ट्या एकमेकींच्या अंशतः आड येतील अशा मांडल्या, तर तिला वळसे घ्यावे लागतात व तिचा वेग मंदावतो, असें फिनी या शास्त्रज्ञानें २००१ सालीं गणितानें दाखविलें.

खरी अडचण मात्र हानि मोजण्यांत आहे. केवळ घरांची किंमत धरली, तर गणित सारा पैसा श्रीमंतांच्या बंगल्यांकडे वळवील आणि झोपड्यांचें गांव उघडें राहील. २०१८ सालीं कॅलिफोर्नियांत पॅरडाइस गांवीं व आसपास ८५ माणसें मेलीं. पळण्याच्या थोड्या रस्त्यांवर गाड्यांची कोंडी झाली होती. म्हणून प्रत्येक गांवाची एक तरी वाट आगीपासून मोकळी राहिली पाहिजे, अशी अट आधीं लिहून घ्यावी लागते. बेरजेचा हिशेब त्यानंतर.