गुप्तहेर व्हायचंय? आधी पंचनामा समजून घ्या

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेश, मांजरसुंबा, नेकनूर या पट्ट्यात बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले घरोघरी सापडतील. पण एखादी मुलगी ‘मला डिटेक्टिव्ह व्हायचंय’ म्हणाली की घरातले गप्प होतात. मोबाइलवरच्या मालिका पाहून हिच्या डोक्यात हे शिरले, असे वडिलांना वाटते. आईला तिच्या जिवाची चिंता लागते.

आईवडिलांची काळजी समजण्यासारखी आहे. मात्र तपासाच्या कामात पाठलाग आणि झटापट फार थोडी असते. बाकी सगळा वेळ माणसांशी बोलण्यात, कागद चाळण्यात आणि नोंदी लिहिण्यात जातो. संशय कुणालाही येतो. तो न्यायालयात टिकेल अशा पुराव्यापर्यंत नेणे हे खरे कसब आहे, आणि ते शिकता येते.

याचे मराठवाड्यातले मोठे उदाहरण मानवतचे आहे. बीड, माजलगाव, पाथरी ओलांडले की परभणी जिल्ह्यातले हे गाव लागते. 1972 ते 1974 या काळात तिथे एकामागून एक खून पडले आणि बळी गेल्या त्या बहुतेक स्त्रिया आणि लहान मुली. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी या मुंबईत नाव कमावलेल्या अधिकाऱ्याकडे आली. गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीच्या अंधश्रद्धेतून नरबळी दिले जात असल्याचे चित्र त्यातून पुढे आले. गाव भेदरलेले, कुणी तोंड उघडायला तयार नाही, अशा ठिकाणी लोकांना बोलते करणे हेच पहिले काम होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काहींना फाशीची शिक्षा झाली. पण ज्या दोघांना मुख्य सूत्रधार मानले गेले होते, ते अखेर पुराव्याअभावी सुटले. तपास करू इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाने हा शेवट नीट वाचावा. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र पुराव्याची जोड मिळाली नाही, तर इतका मोठा तपासही अपुरा पडू शकतो.

याच कुलकर्णींनी 1968 मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या गोरगरिबांना ठार मारणाऱ्या रामन राघवचा तपास हाताळला होता. त्याला पकडले ते उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी. 27 ऑगस्टला रस्त्यात दिसलेला माणूस त्यांनी छायाचित्र आणि वर्णनावरून ओळखला. कपड्यांवर रक्ताचे डाग होते, बुटांना चिखल होता. ओळख पक्की झाली ती बोटांच्या ठशांवरून. चौकशीत मात्र तो काही बोलेना. त्याला काय हवे ते विचारले गेले, तेव्हा त्याने कोंबडी मागितली. पोटभर जेवल्यावर तो हळूहळू बोलू लागला. सावध नजर, जुन्या नोंदी आणि समोरच्याला वाचण्याचा संयम हे तिन्ही या एका प्रकरणात दिसतात.

पंचनामा म्हणजे काय, हे गावातच समजून घेता येते. 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील घटना घडली की ठाण्याला कळवतो आणि पोलीस येईपर्यंत जागा राखतो. वस्तू कुठे पडली होती, दार उघडे होते की लावलेले, कुणी कशाला हात लावला, हे पंचांसमक्ष नोंदले जाते. दोन वर्षांनी वकील उलटतपासणीत त्यातल्याच एका ओळीवर बोट ठेवतो. म्हणून मराठीत नेमके, फापटपसारा न करता लिहिता येणे ही या करिअरची मोठी पात्रता आहे. इंग्रजी कच्चे आहे म्हणून खचणाऱ्या खेड्यातल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

आता वाटा. बारावीनंतर शिपाई भरती आहे: मैदानी चाचणीला 50 गुण, लेखी परीक्षेला 100. पदवीनंतर एमपीएससीतून उपनिरीक्षक होता येते. त्यासाठी पुरुषांना 165 आणि महिलांना 157 सेंटिमीटर उंची लागते आणि प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी, किंवा पुण्याला मुख्यालय असलेली राज्य सीआयडी यांत तपास अधिकारी म्हणून नवा उमेदवार थेट जात नाही. आधी ठाण्यातले काम करावे लागते. सीबीआयच्या उपनिरीक्षकपदाची वाट स्टाफ सिलेक्शनच्या पदवीस्तरीय परीक्षेतून जाते.

शारीरिक चाचणीत न बसणाऱ्यांनी निराश होऊ नये. छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. बारावी विज्ञाननंतर तिथे बी.एस्सी. करता येते, आणि बीडहून ते शहर दूर नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही सक्तीचे झाले. रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणकात रस असलेल्या मुलासाठी तपासाचा हा दरवाजा पूर्वीपेक्षा रुंद झालेला आहे. पालकांनी इथे अधिक लक्ष द्यावे असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

खासगी क्षेत्राचे काय? रुपारेल महाविद्यालयात मराठी शिकलेल्या रजनी पंडित यांनी 1991 मध्ये स्वतःची संस्था काढली. एका खुनाच्या प्रकरणात त्या संशयित बाईच्या घरी सहा महिने मोलकरीण म्हणून राबल्या. मराठी मुलीही हे करू शकतात, हा विश्वास त्यांच्यामुळे अनेकींना मिळाला. पण 2018 मध्ये मोबाइलच्या कॉल नोंदी बेकायदा मिळवल्याच्या आरोपावरून ठाणे पोलिसांनी अनेक खासगी गुप्तहेरांना अटक केली. त्यात पंडितही होत्या. पुढे त्यांना जामीन मिळाला. खासगी गुप्तहेरांसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. 2007 मध्ये संसदेत मांडलेले विधेयक कायद्यापर्यंत पोहोचलेच नाही. त्यांना पोलिसांचे कोणतेही अधिकार नसतात. अटक, झडती, कुणाच्या फोनची माहिती काढणे यातले काहीच त्यांना करता येत नाही.

म्हणून एखादी संस्था ‘डिटेक्टिव्ह कोर्स’साठी मोठी रक्कम मागत असेल, तर शेत गहाण ठेवण्याआधी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे, आधीची मुले आज कुठे कामाला आहेत आणि कायदा कोण शिकवतो. उत्तरे तोंडी न घेता कागदावर मागावीत.