क्लीनरच्या सीटवरून स्टिअरिंगकडे

प्रश्न पोलादपूरहून आलाय. वय २१, शिक्षण सातवीपर्यंत, दोन वर्षं ट्रकवर क्लीनर. हेवी लायसन मिळेल का?

मिळेल. आठवी पासची अट २०१९ मध्येच रद्द झाली. गावोगावचे एजंट अजून तिची भीती घालतात, तो भाग वेगळा. वयाची अट २० वर्षांची. खरी अडचण दुसरीच: ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळायला आधी हलक्या वाहनाचं पक्कं लायसन किमान एक वर्ष हातात असावं लागतं. क्लीनरकीची दोन वर्षं त्यात धरत नाहीत. मग डॉक्टरचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र आणि पेणच्या आरटीओची परीक्षा. हे लायसन पाच वर्षं चालतं.

महाड एमआयडीसीतल्या रसायनांच्या टँकरवर डोळा असेल, तर एवढ्यावर भागत नाही. घातक मालासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण लागतं, शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. सातवीवाल्याने इथे जरा कंबर कसावी. त्या लायसनची मुदतही तीनच वर्षं.

परीक्षेच्या मैदानात जे कळत नाही ते कशेडी घाट शिकवतो. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं, की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनरचा जळका वास केबिनमध्ये शिरतो. तो वास आला, की ब्रेक हातचे जायला फार वळणं लागत नाहीत. क्लीनरने तो एकदा तरी घेतलेला असतोच.