चार्टवर नसलेलं वजन

रायगडातल्या एका औषध कारखान्याची चिल्ड वॉटर लाइन. ३१५ मिमीचा एचडीपीई पाइप, वर पफ, त्यावर ४५० चं जॅकेट. १२ मीटरचा एकेक नग पावणेचारशे किलोच्या घरात. मी १९ वर्षं बट फ्यूजनचे जॉइंट मारतोय, पण बहुतेक पाणीपुरवठ्याच्या उघड्या पाइपवर. तो पोरं पहारीने सरकवून ओळीत आणतात. हा हलत नाही, आणि हलला की थांबत नाही.

पहिल्याच दिवशी रोलर मागितले. मुख्य ठेकेदाराचा इंजिनीअर, माझ्या मुलाच्या वयाचा. "काका, प्लास्टिक आहे, आपसूक घसरतं. रोलर कशाला?" मग लाकडी ठोकळ्यांवर काम सुरू. त्यात पाइपचं उघडं टोक जेमतेम २० सेंमी. मशीनचा बाहेरचा क्लॅम्प थेट जॅकेटवर येत होता. म्हटलं, पफ अजून वीतभर सोलू, स्लीव्ह लांब लावू. तर, "पफला हात लावायचा नाही, स्लीव्ह मोजून मागवल्यात." म्हणजे एका बाजूला एकच क्लॅम्प, आणि मागे एवढ्या वजनाची शेपटी. तेव्हाच काम थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण मागचं बिल अडकलं होतं.

सातवा जॉइंट. मागचं टोक हायड्राने बेल्टवर तोलून धरलेलं. प्लेट काढली, तोंडं मिळाली, प्रेशर चढलं, बीड वळली. जॉइंट थंड व्हायला वीस मिनिटांच्या वर लागतात, आणि नेमकी तेव्हाच साहेबांनी हायड्रा दुसरीकडे पळवली. टोक ठोकळ्यावर टेकलं. वेळ भरल्यावर क्लॅम्प सोडला, तर पाइप बोटभर वर उडाला. 'टक्' एवढाच आवाज. मी बीडवरून बोट फिरवलं. वर गुबगुबीत, खाली नखाएवढी, आणि कडेला पायरी. भिंत १८.७ मिमीची, दहा टक्के फरक चालतो, म्हणजे दोन मिलिमीटरसुद्धा नाही. इथे सहज चार होते. म्हटलं, कापू. साहेब म्हणाले, "टेस्टला बघू." टेस्टला तो खालूनच फुटला आणि डेबिट नोट माझ्या नावावर आली. हायड्राचा त्यात शब्दही नाही.

आता तुमच्यासाठी. जोडत आलेली लांब लाइन फिक्स बाजूला धरा, एकटा नग सरकत्या बाजूला. ड्रॅग दर जॉइंटला नव्याने मोजा आणि चार्टच्या प्रेशरमध्ये मिळवा. चार्टला तुमच्या पाइपचं वजन ठाऊक नसतं. चढावर आमचा ड्रॅग ८ बारवरून १९ वर गेला होता. माझ्या पोराने लॉगशीटवर सगळीकडे ८ लिहिलेत, हे मला डेबिट नोटसोबत कळलं. तेवढी चूक आमची, मान्य.

सुतळी आतल्या पाइपला धरून ताणा, जॅकेटला नाही. जॅकेट आतल्या पाइपच्या बरोबर मध्यावर असतंच असं नाही, आणि पाणी आतून वाहतं. उन्हात काळं जॅकेट वरून तापून लांबतं आणि अख्खा नग केळ्यासारखा वाकतो, म्हणून ओळ सकाळी लावा. लाइनचं दूरचं टोक बंद करा, नाहीतर आतून वारं येऊन तापलेली तोंडं गार करतं. उचलायला रुंद बेल्टच. साखळीने जॅकेट फाटलं की पफ पाणी पितो. क्लॅम्प सुटेपर्यंत टेकू हलवायचा नाही, मग सांगणारा कोणी का असेना. बाकी हातमोजे घाला, घाई करू नका, सगळं लेखी घ्या, हे तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं.

रोलर आता मी स्वतःचे केलेत, चॅनेलवर बसवलेले, १२ नग. गेल्या महिन्यात त्याच साहेबांचा फोन. "काका, रोलर भाड्याने मिळतील का?" म्हटलं, मिळतील, आधी माझ्या रिटेन्शनचं बोला. तर म्हणे आवाज कट होतोय.