प्रत्येक नियमामागे एक रणांगण

अमेरिकेचं मरीन कोर म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं सैन्य. ते उभं करण्याचा ठराव 10 नोव्हेंबर 1775 रोजी फिलाडेल्फियात झाला. कोल्हापूरहून न्यू जर्सीत आलेल्या आमच्या घरातून मी त्यात भरती झाले. माझं नेमणुकीचं काम रसदपुरवठ्याचं होतं. पण मरीनमध्ये स्वयंपाकी, कारकून, मेकॅनिक सगळेच आधी रायफलमन असतात आणि मग बाकी काही. पुढे मी फायरिंग रेंजवर कोच झाले. नवख्यांना शिकवताना जे उमगत गेलं, ते इथे मांडते आहे. आमच्याकडून घोकून घेतलेले बरेच नियम आधी रणांगणावर जिवाच्या मोलाने शिकले गेले आणि मग वहीत उतरले.

1. आधी बोट, मग नेम

साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर रिक्रूटकडून चार नियम झोपेतही म्हणता येतील इतके घोटून घेतात. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. ज्यावर गोळी झाडायची नाही त्यावर नळी रोखू नका. झाडण्याची वेळ येईपर्यंत बोट सरळ आणि चापाबाहेर ठेवा. तोवर सेफ्टीही लावलेली असू द्या. चारही नियम एकमेकांना धरून आहेत. एखादा मोडला तर उरलेले तीन सांभाळून घेतात. अनर्थ घडतो तो दोन-तीन एकदम मोडल्यावर. म्हणून कोच म्हणून माझी नजर आधी बोटावर जायची, टार्गेटवर नंतर. नेम शिकवता येतो. बोटाची शिस्त नसलेल्याला मात्र मी नेम शिकवायला घेतच नसे.

2. पहिला आठवडा गोळीविना

रेंजवरचा पहिला आठवडा ‘ग्रास वीक’. गवतात बसायचं, रंगवलेल्या पिंपावरच्या चिमुकल्या टार्गेटांवर नेम धरायचा आणि रिकाम्या रायफलीचा चाप ओढायचा, तासन्‌तास. बसून, गुडघ्यावर, उभं राहून, पालथं पडून. स्नायूंनी ताकद लावून रायफल पेलायची नाही, तिचा भार हाडांवर टेकवायचा. एरवी ड्रिल इन्स्ट्रक्टरचा आवाज कानठळ्या बसवतो, पण नेमबाजीचा शिक्षक शांतपणे बोलतो. घाबरलेल्या माणसाचा श्वास ताब्यात राहत नाही, आणि श्वास सुटला की गोळीही भरकटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम हार्ली या मरीन अधिकाऱ्याने नेमबाजीच्या शिक्षणाला अशी पद्धतशीर घडी बसवली. जून 1918 मध्ये फ्रान्समधल्या बेलो वुडजवळ तिचा कस लागला. मरीननी स्प्रिंगफील्ड रायफलींनी दुरूनच, एकेक गोळी नेम धरून झाडली आणि पुढे येणारं जर्मन पायदळ थोपवलं. पण 6 जूनला गव्हाच्या उघड्या शेतातून हल्ला करायची वेळ त्यांच्यावर आली, तेव्हा एका दिवसात हजाराहून जास्त मरीन मेले वा जखमी झाले. कोरच्या तोवरच्या साऱ्या इतिहासात मिळून एवढी हानी झाली नव्हती. उत्तम नेमबाजही मशीनगनपुढे उघड्यावर टिकत नाही, हेही त्याच रानाने शिकवलं.

3. टार्गेट धूसर दिसू द्या

नेमबाजीचा शेवटचा टप्पा 500 यार्डांचा असायचा. आमच्या एम-16 रायफलीच्या लोखंडी साइटमधून पाहिलं की माणसाएवढं टार्गेट पुढच्या साइटच्या काडीपेक्षाही बारीक दिसायचं. नवखा टार्गेटकडे डोळे ताणतो आणि तिथेच चुकतो. नजर काडीवर हवी. टार्गेट धूसर राहिलं तरी चालतं. वारा कुठून येतो, साइट किती फिरवली, गोळी कुठे लागली, हे दर गोळीनंतर डेटा बुकात लिहायचं. पाळी बदलली की आपण खड्ड्यात उतरून दुसऱ्यांची टार्गेटं ओढायची आणि भोक असेल तिथेच खूण लावायची. मैत्रीपोटी खूण सरकवली, तर मैत्रीण चुकीची साइट घेऊन युनिटमध्ये जाते.

4. रायफल साफ करणं हेही लढणंच

नोव्हेंबर-डिसेंबर 1950 मध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी पहिली मरीन डिव्हिजन चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली. पारा रात्री उणे 30 अंश सेल्सियसपर्यंत उतरायचा. बंदुकीतलं तेल घट्ट होऊन भाग अडकायचे. सैनिक ते पुसून काढायचे किंवा अगदी नावापुरतं ठेवायचे. कार्बाइन वारंवार दगा देत होत्या, गॅरंड रायफली त्या मानाने टिकल्या.

व्हिएतनाममध्ये रायफली वेगळ्याच कारणांनी अडकल्या. 1967 च्या वसंतात खे सानजवळच्या टेकड्यांवर मरीनच्या हाती नव्या एम-16 होत्या. झाडलेल्या काडतुसाची पुंगळी आत अडकून बसायची. काही मरीन मेले तेव्हा ती काढायची धडपड करत होते; त्यांच्याजवळ रायफली उघडलेल्या स्थितीत सापडल्या. चौकशीत कारणं उघड झाली. काडतुसांतली दारू बदलली होती, काडतूस बसतं त्या खोबणीला, म्हणजे चेंबरला, क्रोमचा मुलामा नव्हता, आणि सफाईचं साहित्य व शिक्षण पुरेसं पोचलं नव्हतं. पुढे हे सगळं सुधारलं. संध्याकाळी रायफली साफ करताना कुणी कंटाळलं, की मी खे सानची हकिगत सांगायची. ओरडा करून जे साधत नसे, ते तेवढ्याने साधायचं.

5. शस्त्र कोणत्या स्थितीत, हा मोठा निर्णय

मरीन शस्त्राच्या स्थितीला क्रमांक देतात. उदाहरणार्थ, चार म्हणजे मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं. तीन म्हणजे मॅगझिन आत, चेंबर रिकामं. एक म्हणजे गोळी चेंबरमध्ये, सेफ्टी लावलेली. रेंजवर ही उजळणी यांत्रिक वाटते, पण तिचं वजन लेबनॉनमधल्या बैरूतने दाखवलं. 23 ऑक्टोबर 1983 रोजी स्फोटकांनी भरलेला ट्रक तिथल्या मरीनच्या इमारतीत घुसला. 241 अमेरिकी सैनिक ठार झाले, त्यांतले 220 मरीन होते. मरीन तिथे शांतिसेना म्हणून गेले होते, त्यामुळे पहारेकऱ्यांच्या रायफलींत हुकुमानुसार मॅगझिनही नव्हतं. रायफल भरेपर्यंत ट्रक आत शिरला होता. पहारेकऱ्याचं बोट कितीही तरबेज असो, त्याला कोणत्या स्थितीत उभं करायचं हे वरचा अधिकारी ठरवतो. म्हणून नेमबाजीएवढंच शिक्षण हुकूम देणाऱ्यालाही हवं.

6. रायफलीआधी समुद्र

20 नोव्हेंबर 1943 रोजी पॅसिफिकमधल्या तारावाच्या, जपान्यांच्या ताब्यातल्या बेटिओ बेटावर भरतीचं पाणी प्रवाळाच्या कड्यावर पुरेसं चढलं नाही. पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं कडा ओलांडून गेली. लाकडी हिगिन्स बोटी अडकल्या. शेकडो यार्ड पाणी तुडवत, रायफली डोक्यावर धरून मरीन मशीनगनच्या माऱ्यात चालत राहिले. 76 तासांत सुमारे हजार अमेरिकी गेले. पुढच्या मोहिमांत उभयचर वाहनं वाढवली आणि किनाऱ्याजवळचं पाणी आधी तपासायला पाण्यात उतरणारी खास पथकं पाठवली. मरीनचं शस्त्रशिक्षण समुद्रापासून तोडून शिकवू नये, असं मला वाटतं ते यामुळेच. पाण्यातून भिजून आलेल्या सैनिकाने तीच रायफल चालवायची असते.

7. रायफल कुणाच्या हाती, हाही इतिहासच

1942 ते 1949 या काळात सुमारे 20,000 कृष्णवर्णीय मरीन माँटफर्ड पॉइंटच्या वेगळ्या छावणीत घडले, कारण गोऱ्यांबरोबर त्यांना ठेवायचं नव्हतं. बहुतेकांना दारूगोळा वाहायचं काम दिलं गेलं, तरी 1944 मध्ये सायपानच्या किनाऱ्यावर ते लढले. अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक त्यांना 2012 मध्ये मिळालं; तोवर किती तरी जण हयात नव्हते. ऑफा मे जॉन्सन 13 ऑगस्ट 1918 ला पहिली महिला मरीन झाली ती कारकून म्हणून. महिला रिक्रूटांना रायफलीची परीक्षा लागू व्हायला 1980 चं दशक उजाडलं. मी 500 यार्डांच्या रेषेवर पालथी पडू शकले ते या सगळ्यांच्या चिकाटीमुळे, आणि याची कृतज्ञता मला आयुष्यभर वाटेल.

जोखमीचं काम शिकवणाऱ्या प्रत्येकाला, मग ते शस्त्र असो, वीज असो की यंत्र, माझं एकच सांगणं आहे. नियम सांगाल तेव्हा तो कुठे आणि कोणत्या साली शिकला गेला, तेही सांगा. कारण कळलेला नियम कुणी पाहत नसतानाही पाळला जातो, आणि रायफल हातात असलेला माणूस बहुतेक वेळ अशाच ठिकाणी उभा असतो.